चेंडू वर जाताना त्याला वर ढकलतं कोण? बल, गुरुत्व आणि गती, प्रोजेक्टच्या नोंदी

३ जुलै

सातवी-आठवीची मुलं एकत्र घेऊन प्रोजेक्ट सुरू केला. व्याख्या, सूत्रं काहीच सांगितलं नाही, आधी फक्त एक प्रश्न कागदावर दिला. चेंडू सरळ वर फेकलाय, हातातून सुटलाय. तीन चित्रं, एकात तो वर जातोय, दुसऱ्यात अगदी टोकाला आहे, तिसऱ्यात खाली येतोय. तिन्ही ठिकाणी चेंडूवर कुठली बलं लागतायत ते बाणाने दाखवा, हवा सोडून द्या.

वर जाणाऱ्या चेंडूला जवळपास सगळ्यांनी वरच्या दिशेचा मोठ्ठा बाण काढला. टोकाला कुणी वर-खाली दोन सारखे बाण काढले, तर कुणी काहीच नाही, "तिथे तो थांबतो ना मॅडम". खाली येताना मात्र खालचा बाण. म्हणजे मुलांच्या डोक्यात चित्र स्वच्छ आहे, हाताने चेंडूत जोर भरला, बाटलीत पाणी भरावं तसा, तो वर जाता जाता संपत गेला, पूर्ण संपला की मग गुरुत्व जिंकलं.

खरं उत्तर तिन्ही चित्रांत एकच आहे, खालच्या दिशेचा एकच बाण आणि तिन्हीकडे तेवढाच लांब. ते आज सांगितलं नाही आणि इतक्यात सांगणारही नाही, कारण सांगून ते पटत नाही हे आता चांगलं माहीत झालंय. जॉन क्लेमेंट नावाच्या संशोधकाने १९८२ मध्ये हाच प्रश्न, वर उडवलेल्या नाण्याचा, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांबद्दल मांडला होता आणि तिथेही बहुतेकांनी वरचा बाण काढलेला. त्याच्याही मागे जायचं तर सहाव्या शतकात फिलोपोनस आणि चौदाव्या शतकात पॅरिसचा बुरिदाँ, हे दोघं तत्त्वज्ञ साधारण हेच म्हणत होते की फेकणारा वस्तूत काहीतरी घालतो आणि तेच तिला पुढे नेतं. इतक्या हुशार लोकांनी इतकी शतकं ज्यावर विचार केला ती कल्पना तेरा वर्षांच्या मुलाला आपणहून सुचते, तर तिला वेडगळ म्हणून उडवून लावणं मला अजिबात पटत नाही. तिच्यापाशी थांबायचं आणि तिला प्रयोगासमोर उभं करायचं, एवढंच या प्रोजेक्टमध्ये करायचंय.

७ जुलै

आज गोटी आणि उतार. एकच पट्टी, एकच उंची, गोटी सोडायची, ढकलायची नाही. खाली आलटून पालटून जाड टॉवेल, मग सँडपेपर, मग टेबलाचा गुळगुळीत सनमायका, शेवटी काच. प्रत्येक वेळी कुठपर्यंत गेली ते मोजायचं. टॉवेलवर वीतभर, काचेवर तर टेबल संपलं तरी थांबेना, पुढे पुस्तकाची भिंत करावी लागली.

मग दोन उतार समोरासमोर. गोटी एकावरून उतरते आणि दुसऱ्यावर चढते, साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत, थोडी कमी. दुसरा उतार जरा झोपवला की तेवढीच उंची गाठायला ती जास्त लांब जाते. अजून झोपवला, अजून लांब. गॅलिलिओने हाच विचार केला होता. मी फक्त विचारलं की आता दुसरी पट्टी पूर्ण आडवी केली तर? थोडा वेळ शांतता आणि मग मागून एक जण म्हणाला, "मग ती उंची तिला कधी मिळणारच नाही, म्हणजे ती थांबणारच नाही." मला यापेक्षा चांगलं वाक्य सुचलं नसतं, ते तसंच फळ्यावर लिहिलं.

लगेच दुसरीकडून शंका आली की असं न थांबणारं काही खरंच आहे का. आहे की. व्हॉयेजर १ यान १९७७ मध्ये सोडलं, आज ते सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून लांब चाललंय आणि त्याला पुढे ढकलणारं इंजिन चालू नाहीये. सूर्य त्याला थोडं मागेच ओढतोय उलट. तरी चाललंय. हे ऐकून दोघंतिघं अस्वस्थ झाली, ते मला हवंच होतं.

१० जुलै

आजचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा ठरला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाकडी ठोकळा, वस्तुमान अर्धा किलो, हुकाला ताणकाटा (ओढण्याचं बल न्यूटन या एककात दाखवणारा स्प्रिंगचा काटा) अडकवला आणि टेबलावरून ओढायचा. ठोकळा हलेपर्यंत काटा वर वर जातो, दोन न्यूटनच्या जरा अलीकडे असताना एकदम सुटतो आणि मग एकसारखा ओढत राहिलं तर दीड न्यूटनच्या आसपास राहतो. म्हणजे हलवायला जास्त, हलत ठेवायला कमी. हे सगळ्यांनी पटकन पकडलं. ठोकळा रुंद बाजूवर आणि अरुंद बाजूवर ठेवून ओढला तर आकडा जवळपास तोच येतो, याचं मात्र सगळ्यांना आश्चर्य वाटलं, सगळ्यांचा अंदाज होता की रुंद बाजूला घर्षण दुप्पट.

पण खरी गंमत पुढे. एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम तुम्ही परवा म्हणालात गतीला बल लागत नाही, मग हा काटा दीड न्यूटन का दाखवतोय? ओढणं थांबवलं की ठोकळा पण थांबतो." बरोब्बर मुद्दा. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा हाच मुद्दा होता आणि तो रोजच्या अनुभवाला धरून आहे म्हणून तर इतका टिकला.

इथे घाई केली की सगळं हातातून जातं. म्हणून मी म्हटलं ठोकळ्याचं चित्र काढा आणि त्याला स्पर्श करणारी प्रत्येक गोष्ट शोधा, प्रत्येकीला एक बाण द्या. ताणकाटा पुढे ओढतो, दीड न्यूटन. टेबल मागे ओढतं, घर्षण. किती? कुणालाच मोजता येईना. मग मी विचारलं की घर्षण दीडपेक्षा कमी असतं तर काय दिसलं असतं? वेग वाढत गेला असता. जास्त असतं तर? हळू होत थांबला असता. आणि आपला ठोकळा तर एकसारख्या वेगाने चालला होता. म्हणजे घर्षण बरोबर दीड. म्हणजे पुढचा आणि मागचा बाण सारखे, म्हणजे एकूण शून्य! आपण जे दीड न्यूटन लावतोय ते ठोकळ्याला चालवायला नाही, घर्षणाला फेडायला लावतोय. हात काढला की पुढचा बाण गेला आणि मागचा एकटा उरला म्हणून तो थांबतो.

त्या मुलीने वहीत लिहिलं, "बल वेग देत नाही, बल वेग बदलतं." मग खाली दिशा पण असं जोडलं. संतुलित आणि असंतुलित बल हे शब्द मी याच्यानंतर सांगितले, आधी सांगितले असते तर नुसते पाठ झाले असते.

शिकवणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट, एकसारख्या वेगाने ओढणं हाताला अवघड जातं आणि काटा नाचत राहतो. ताणकाटा धरून ठेवावा आणि ठोकळ्याखालचा लांब कागद ओढावा, मग ठोकळा जागच्या जागी राहतो आणि आकडा आरामात वाचता येतो.

१५ जुलै

पडणं. वही आणि कागद एकत्र सोडले, वही आधी. कागदाचा बोळा केला, दोघं बरोबर. मग कागद वहीच्या वर पसरून ठेवला (वहीपेक्षा लहान हवा, कडा बाहेर नकोत) आणि सोडलं तर दोघं चिकटल्यासारखे एकत्र खाली. वही वाटेतली हवा बाजूला करते. थोडंफार मागच्या हवेनेही होतं, म्हणून एवढ्यावर अडून बसू नये, बोळा जास्त पटतो.

गॅलिलिओचा प्रयोग न करता केलेला विचार पण सांगितला. जड दगड वेगात पडतो, हलका हळू, असं धरा. दोघांना दोरीने बांधा. आता हलका जडला मागे खेचणार म्हणजे जोडी जडपेक्षा हळू पडणार. पण जोडीचं वजन तर जडपेक्षाही जास्त, म्हणजे ती अजून वेगात पडायला हवी. दोन्ही खरं कसं असेल? मुलं यावर मधल्या सुट्टीत पण भांडत होती. अपोलो १५ मध्ये डेव्हिड स्कॉटने २ ऑगस्ट १९७१ ला चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं ती गोष्ट सांगितली. हातोडी १.३२ किलो आणि पीस ३० ग्रॅम, दोघं एकत्र जमिनीवर.

पण का? दुप्पट वस्तुमानाला पृथ्वी दुप्पट बलाने ओढते हे खरं, पण त्याला हलवणं पण दुप्पट अवघड असतं. दोन्ही एकमेकांना कापतात आणि त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते, तेच राहतं, दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद. हे सांगताना मी परवाचा ठोकळा परत काढला, एक ठोकळा आणि दोन ठोकळे तेवढ्याच झटक्याने हलवून बघा म्हटलं, हाताला कळलं.

मग मोबाईलचं स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेम. मागे पट्ट्या चिकटवून मीटरची मोजपट्टी केली, समोर चेंडू सोडला. २४ फ्रेम म्हणजे एक दशांश सेकंद, तेवढ्या तेवढ्या अंतराने व्हिडिओ थांबवून जागा लिहायची. आलेले आकडे साधारण ५, २०, ४४, ७८ सेंटिमीटर. प्रत्येक टप्प्यात किती पडला ते काढलं तर ५, १५, २४, ३४. पाचाने भागा. १, ३, ५, ७ च्या जवळ! विषम संख्या! गॅलिलिओला हेच प्रमाण उतारावरच्या गोळ्यांसाठी मिळालं होतं, घड्याळ नव्हतं तर तो भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजायचा, १६३८ च्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवलंय. एका मुलाने वहीत गुपचूप पुढचा अंदाज काढला, ९ म्हणजे ४५ सेंटिमीटर, आणि चेंडू जास्त उंचावरून सोडून तपासायला लावला. आला की ४४ च्या आसपास!

मोबाईल मोजपट्टीच्या मधोमध उंचीवर आणि जमेल तेवढा लांब ठेवायचा, जवळ ठेवला की वरचे खालचे आकडे तिरके वाचले जातात. चेंडू नेमका कुठल्या फ्रेमला सुटला हे ठरवणं सगळ्यात कठीण, तिथे फ्रेम पुढेमागे झाली की पहिले आकडे बिघडतात.

२१ जुलै

वजन आणि वस्तुमान. ४० किलोच्या मुलाचं वजन, म्हणजे त्याला खाली ओढणारं बल, पृथ्वीवर ३९२ न्यूटन, चंद्रावर ६५, मंगळावर साधारण १४८. वस्तुमान तिन्हीकडे ४० किलोच. इथपर्यंत ठीक, मुलांना चंद्रावर उंच उडी मारायला आवडतं त्यामुळे हे पटकन होतं.

अडलं ते दुसरीकडेच. "चंद्रावर गुरुत्व कमी का" याला चारपाच जणांनी सांगितलं, हवा नाही म्हणून. हा समज खूप पसरलाय आणि त्याचं कारणही कळतं, अवकाशात हवा नाही, तिथे लोक तरंगतात, दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणजे एकीमुळे दुसरी. याला सगळ्यात छान उत्तर शुक्र. तिथल्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपटीपेक्षा जास्त, हवा दाबते असं असतं तर तिथे माणूस चपटाच व्हायला हवा गुरुत्वाने. पण शुक्राचं गुरुत्व ८.९, आपल्यापेक्षा कमी. शनीचा उपग्रह टायटन तर अजून भारी, हवा आपल्यापेक्षा दाट आणि गुरुत्व फक्त १.३५. म्हणजे दोघांचा संबंधच नाही, गुरुत्व ठरतं त्या ग्रहाच्या वस्तुमानावर आणि आपण त्याच्या केंद्रापासून किती लांब आहोत त्यावर. उलट गुरुत्व आहे म्हणून पृथ्वीजवळ हवा टिकून आहे.

२५ जुलै

अंतराळ स्थानक. "तिथे गुरुत्व शून्य." सगळे एकमताने. म्हटलं चला मोजू. स्थानक साधारण ४०० किलोमीटर वर, पृथ्वीची त्रिज्या ६३७१. केंद्रापासून अंतर ६७७१ झालं. अंतराच्या वर्गाने गुरुत्व कमी होतं, कॅल्क्युलेटरवर करा. उत्तर ८.७ च्या जवळ. जमिनीवर ९.८, तिथे ८.७! वर्गात गोंधळ. मग तरंगतात कसे?

प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडलं, पाणी भरलं, धार सुरू झाली. बाटली उंचावरून सोडली. पडता पडता धार बंद. हे परत परत बघायचं होतं सगळ्यांना, स्लो मोशनमध्ये तर फारच स्पष्ट दिसतं, बाटली पडतेय आणि भोकातून एक थेंब येत नाहीये. पाण्यावर गुरुत्व आहेच, पण बाटली आणि पाणी एकत्र, एकसारखं पडतायत त्यामुळे पाणी बाटलीला दाबतच नाही. स्थानक आणि आतला माणूस तसेच एकत्र पडतायत.

"पण मग आपटत का नाही?" कारण ते आडवं पण पळतंय, सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त. एका सेकंदात ते साधारण ४.३ मीटर खाली पडतं आणि तेवढ्याच वेळात त्याच्याखालची पृथ्वीची गोलाई पण ४.३ मीटरच खाली वळलेली असते. पडतंय, पण जमीन जवळ येत नाही. हा हिशोब फळ्यावर केल्यावर आठवीतला एक जण उठून म्हणाला, मग चंद्र पण पडतोय! हो, चंद्र पण पडतोय. तो पृथ्वीच्या केंद्रापासून त्रिज्येच्या ६० पट लांब, म्हणून त्याचं त्वरण ९.८ च्या ३६०० व्या भागाएवढं, एका सेकंदात तो जेमतेम १.४ मिलिमीटर पडतो. न्यूटनने हाच ताळा जुळवून बघितला होता, हातातून सुटलेल्या वस्तूला ओढणारं आणि चंद्राला ओढणारं बल एकच का, आणि १६८७ मध्ये हे सगळं छापून आलं. हे मला अजूनही माणसाने केलेल्या सगळ्यात सुंदर हिशोबांपैकी एक वाटतं, आणि तो सातवीच्या वहीत मावतो.

३० जुलै

तिसरा नियम, थोडक्यात. दोन ताणकाटे एकमेकांत अडकवून एक मोठा मुलगा आणि एक लहान मुलगी ओढतायत, दोन्ही काट्यांवर आकडा तोच. कितीही प्रयत्न करा, वेगळा आणताच येत नाही. एक टोक भिंतीच्या हुकाला लावलं तरी तेच, म्हणजे भिंत पण ओढते.

टेबलावरच्या पुस्तकाचं मात्र नीट सांगावं लागतं. पुस्तकाचं वजन खाली आणि टेबलाचा रेटा वर, ही तिसऱ्या नियमाची जोडी नाही, कारण दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. वजनाची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल. मुलांना पृथ्वी ओढली जाते हे ऐकून हसू येतं, पण तेवढ्याच न्यूटनने ओढली जाते, फक्त तिचं वस्तुमान सहावर चोवीस शून्यं इतके किलो असल्यामुळे हलल्याचं कधीच दिसत नाही.

१ ऑगस्ट

पहिल्या दिवशीचाच कागद परत दिला. बऱ्याच जणांनी आता तिन्ही ठिकाणी एकच खालचा बाण काढला. टोकाच्या चित्राखाली एकीने लिहिलंय, "वेग शून्य आहे पण बल शून्य नाही, बल शून्य असतं तर चेंडू तिथेच राहिला असता." हे मला फार आवडलं.

पण दुसरा प्रश्न मुद्दाम नवीन दिला होता, लाथ मारलेला फुटबॉल हवेतून जातोय. तिथे काहींनी परत लाथेच्या जोराचा, पुढच्या दिशेचा बाण काढला, ज्यांनी वरच्या प्रश्नात बरोबर काढला होता त्यांनीसुद्धा. म्हणजे उत्तर बदललं पण आतली कल्पना पूर्ण गेली नाही, नवीन चित्र आलं की ती परत वर येते. यात निराश होण्यासारखं काही नाही. त्यांना उत्तर न सांगता एकच विचारलं की आत्ता, या क्षणी चेंडूला कोण शिवतंय? हवा. अजून? कुणी नाही. न शिवता ओढणारं कोण? पृथ्वी. मग पायाचा बाण कुणाचा? त्यांनीच खोडला. इथून पुढे प्रत्येक बाणावर नाव लिहायचं, कोण कुणावर, असा नियमच केला, नाव लिहिता आलं नाही तर तो बाण नाही.

५ ऑगस्ट

शेवटचा प्रयोग हवेचा, कारण इतके दिवस हवा सोडून द्या असं म्हणत आलो आणि जड वस्तू जास्त वेगात पडते म्हणणाऱ्या ॲरिस्टॉटलला पण न्याय द्यायचा होता. कागदाचे सारखे शंकू केले, पसरट, टोक खाली ठेवून सोडायचे. स्लो मोशनमध्ये बघितलं तर थोडं पडल्यावर सारख्या वेळात सारखंच अंतर, १, ३, ५ कुठेच नाही. "म्हणजे त्वरण नाही, म्हणजे एकूण बल शून्य, पण पडतोय तरी!" ठोकळ्याच्या वेळी शंका विचारणाऱ्या मुलीनेच हे सांगितलं आणि बाणांवर नावं पण लिहिली, पृथ्वी शंकूवर, हवा शंकूवर, दोन्ही सारखे.

मग चार शंकू एकात एक घातले. आकार तोच, वजन चौपट. आता वेग किती पट? बहुतेकांनी सांगितलं चौपट. मी म्हटलं तपासायचं कसं ते तुम्हीच ठरवा. एक शंकू एक मीटरवरून, चार शंकू चार मीटरवरून जिन्यातून एकदम सोडले, चौपट असेल तर बरोबर पोचायला हवेत. चारवाले स्पष्ट मागे राहिले. उंची कमी करत करत दोन मीटरवर आणली तेव्हा दोघं जवळजवळ एकत्र टेकले. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून चौपट वजन पेलायला दुप्पट वेग पुरतो. आता मुलांना नऊ शंकू एकात एक घालून तीन मीटरवरून सोडायचेत.